लहान जातीच्या कोंबड्या व त्यांचीं अंडीं

आमच्या बहुतेक वाचकांच्या दारीं दोनचार कोंबड्या असतातच. त्यांपैकीं एखादी अंगानें लहान, पायानें चपळ व स्वभावानें तापट असते. ती दहाबारा अंडीं घालते, आणि मग एके दिवशीं घरट्यांतून उठेनाशी होते. हात पुढें केला कीं पिसें फुलवून चोंच मारते. मग घरांत बोलणें सुरू होतें : "ही खुडूक झाली. आतां महिनाभर फुकट खाणार. येत्या बाजारीं काढून टाका." पुष्कळदां ती खरोखरच बाजारीं जाते, आणि तिच्या जागीं मोठ्या जातीची, पुष्कळ अंडीं देणारी कोंबडी आणावी असें ठरतें.

हा निर्णय बरोबर कीं चूक? उत्तर देण्यापूर्वीं लहान कोंबडी अंडीं कशीं घालते, किती घालते, कां थांबते, व थांबल्यावर काय करिते, हें नीट समजून घेणें अवश्य आहे. आजच्या पाठांत आम्ही तेंच सांगणार आहों. ज्या घरीं दोन अंड्यांवर मुलाचें एक वेळचें कालवण होतें, त्या घरीं हा विषय क्षुल्लक नव्हे.

१. नांव व प्रकार

जावा बेटाच्या पश्चिम भागांत बांतेन नांवाचें जुनें बंदर आहे. युरोपांतील खलाशी त्यास बँटम म्हणत. सतराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रज व डच व्यापाऱ्यांचीं गलबतें काळ्या मिरीच्या व्यापारासाठीं तेथें जात, आणि खलाशी तेथल्या बाजारांतून लहान लहान कोंबड्या विकत घेत. त्या बंदराचें नांव त्या कोंबड्यांस पडलें, व पुढें सर्वच बुटक्या कोंबड्यांस बँटम म्हणण्याचा प्रघात झाला.

ह्या कोंबड्यांचे दोन प्रकार मानितात. कांहीं जाती मुळांतच लहान आहेत. त्यांचें मोठें रूप कोठेंच नाहीं. इंग्लंडांतील सेब्राइट, जपानांतील चाबो, चीनमधून इंग्लंडांत गेलेली पेकिन, हॉलंडांतील डच बँटम व मलेशियांतील सेरामा ह्या अशा जाती होत. सेरामा तर इतकी लहान कीं तिचें वजन बहुधा अर्ध्या किलोहूनही कमी भरतें. दुसऱ्या प्रकारांत, मोठ्या जातींतून पिढ्यानपिढ्या निवड करून लहान केलेल्या कोंबड्या येतात. लेगहॉर्न, प्लिमथ रॉक, वायनडॉट ह्या मोठ्या जातींचीं अशीं लहान रूपें आहेत.

आपल्या खेड्यांतील लहान गावठी कोंबडी ह्या यादींत बसत नाहीं. तथापि तिची अंडीं घालण्याची व अंड्यांवर बसण्याची रीत पहिल्या प्रकारच्या कोंबड्यांशीं पुष्कळ जुळते. म्हणून जें त्यांविषयीं सांगावयाचें तें तिलाही बहुतांशीं लागू पडतें.

आतां संख्या पाहा. मुळांत लहान असलेल्या जातीची कोंबडी वर्षांत साधारण ५० ते १०० अंडीं देते. मोठ्या जातींतून लहान केलेली कोंबडी चांगली असली तर १५० पर्यंत किंवा थोडीं अधिकही देते. ज्या कोंबड्या व्यापारासाठीं पिंजऱ्यांत पाळतात त्या वर्षांत ३०० हून अधिक अंडीं घालतात. वजनांतही अंतर आहे. बँटमचें अंडें साधारण २५ ते ४० ग्रॅमचें असतें, बाजारांतील मोठें अंडें ५५ ते ६० ग्रॅमचें. म्हणजे दोन लहान अंडीं एका मोठ्या अंड्याच्या बरोबरीचीं धरावींत. परंतु ही लहान कोंबडी खाते सुद्धां मोठीच्या सुमारें निम्मेंच, आणि आपल्या खेड्यांत त्यांतलाही बराच भाग ती स्वतः उकरून, किडे व सांडलेले दाणे वेंचून मिळविते.

हॉलंडांत एक जुनी आख्यायिका सांगतात कीं, जमीनदार आपल्या कुळांकडून मोठीं अंडीं खंडादाखल घेई व लहान अंडीं सोडून देई. तेव्हां कुळांनीं लहान कोंबड्याच पाळल्या आणि तीं अंडीं आपल्या मुलांस खाऊं घातलीं. गोष्ट घडलेली असो वा रचलेली असो, तिच्यांतील कुळांस एवढें कळलें होतें कीं कोंबडीचें मोल केवळ अंड्याच्या आकारावरून ठरत नाहीं.

२. अंडें कसें तयार होतें

कोंबडीच्या शरीरांत डावीकडचा अंडकोशच कामाचा असतो. उजवा वाढत नाहीं. ह्या अंडकोशावर लहानमोठे बलक द्राक्षांच्या घोंसाप्रमाणें लोंबत असतात. जो बलक पिकतो तो सुटून अंडनलिकेंत पडतो. नलिकेच्या तोंडाशीं तो सुमारें पाव तास राहतो, आणि कोंबड्याचें बीज तेथें असल्यास त्याच वेळीं तो फळतो. पुढें सुमारें ३ तासांत त्याच्याभोंवतीं पांढरा भाग जमतो. त्यानंतर सव्वा तासांत त्यावर दोन पातळ पापुद्रे चढतात. सर्वांत अधिक वेळ कवचाला लागतो. तें काम सुमारें २० तास चालतें. ह्याप्रमाणें एका अंड्यास एकंदर २४ ते २६ तास लागतात.

अंडें बाहेर पडल्यावर सुमारें अर्ध्या तासानें पुढचा बलक सुटतो. म्हणून आज सकाळीं आठ वाजतां अंडें घातलें तर उद्यां तें नऊच्या सुमारास येतें, परवां त्याहून उशिरां. असें होतां होतां अंड्याची वेळ दुपारवर जाते. तितक्या उशिरां बलक सुटत नाहीं, आणि कोंबडी एक दिवस खाडा करिते. मग पुन्हां सकाळपासून नवी ओळ सुरू होते. तेव्हां एक दिवस अंडें न मिळालें म्हणून कोणी अंडें चोरलें असें समजूं नये, किंवा कोंबडीला दृष्ट लागली असेंही म्हणूं नये. तो तिच्या शरीराचा हिशेब आहे.

बहुतेक अंडीं दुपारच्या आंत घातलीं जातात. लहान जातीच्या कोंबड्यांस अंडीं लपविण्याची मोठी खोड असते. कुंपणाचा बुंधा, कडब्याची गंजी, वैरणीचा माळा, अशा जागीं त्या घरटें करितात. म्हणून कोंबडी अंड्यावर आली असतां तिला दहाअकरा वाजेपर्यंत खुराड्यांतच ठेवावी, आणि खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत पेंढा घातलेली एक परडी ठेवावी. परडींत अंड्यासारखा एखादा गुळगुळीत पांढरा दगड ठेवला तर कोंबडीला ती जागा लवकर पटते.

तलंग साधारण पांच ते सात महिन्यांची झाली म्हणजे अंड्यावर येते. तिचा तुरा लाल व मऊ होतो, ती कोपरे हुडकूं लागते, आणि पाठीवर हात ठेवला असतां खालीं दबून बसते. पहिलीं अंडीं लहान असतात. त्यांवरून निराश होऊं नये.

कवचाचा जवळजवळ सर्व भाग चुन्याच्या जातीच्या द्रव्याचा असतो. तो चुना कोंबडीला खाण्यांतून मिळाला नाहीं तर ती आपल्या हाडांतून काढून देते. म्हणून पातळ कवचाचीं अंडीं येऊं लागलीं कीं कोंबडी झिजत आहे असें जाणावें. कोंकणांत शिंपल्यांचा चुरा मिळतो. घांटावर अंड्यांचीं टरफलें चुलीच्या आंचेवर भाजून, अगदीं बारीक कुटून कण्यांत मिसळावींत. टरफल न कुटतां टाकूं नये. त्यानें कोंबडीला अंडें फोडून खाण्याची संवय लागण्याचा संभव असतो.

येथें आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. खाण्याचें अंडें मिळण्यासाठीं कोंबडा लागत नाहीं. तो नसला तरी कोंबडी अंडीं घालतेच, व तीं खाण्यास तितकींच उत्तम असतात. मात्र त्यांतून पिलें निघत नाहींत. कोंबड्याची संगत एकदां झाली कीं त्याचें बीज कोंबडीच्या शरीरांत साधारण दोन आठवड्यांपर्यंत टिकून राहूं शकतें. तसेंच कवच पांढरें असो वा तांबूस असो, पोषण सारखेंच. अंड्याच्या आंतील गरांत शेंकडा १२ ते १३ भाग प्रथिनें असतात, मग अंडें लहान असो कीं मोठें.

३. उजेड, ऋतु व पिसें झडणें

अंडें घालण्याची आज्ञा कोंबडीच्या शरीराला पुष्कळ अंशीं उजेडाकडून मिळते. हा उजेड तिच्या डोळ्यांवाटेंच नव्हे, तर डोक्याच्या पातळ कवटींतूनही मेंदूपर्यंत पोंचतो. दिवस मोठे होऊं लागले म्हणजे अंडकोश जागा होतो, व लहान होऊं लागले म्हणजे मंद होतो. चौदा ते सोळा तासांचा उजेड अंड्यांस सर्वांत अनुकूल असतो.

लंडन शहरीं डिसेंबरांत दिवस सुमारें ८ तासांचा व जूनमध्यें साडेसोळा तासांचा असतो. म्हणून तिकडील बँटम कोंबड्या बहुधा फेब्रुवारी-मार्चांत अंड्यावर येतात आणि पावसाळी थंडी सुरू झाली कीं बंद होतात. आपल्याकडे, पुण्याच्या आसपास, सर्वांत लहान दिवस सुमारें ११ तासांचा व सर्वांत मोठा सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. फरक थोडा, म्हणून आपली कोंबडी सबंध ऋतुभर अजिबात बंद होत नाहीं. तिला अधिक अडथळा होतो तो कडक उन्हाचा, ओलीचा व उपासमारीचा.

वर्षांतून एकदां पिसें झडतात. नवीं पिसें जवळजवळ सर्वस्वीं प्रथिनांचीं बनतात. एकाच वेळीं पिसें व अंडीं हीं दोन्हीं कामें चालविणें तिला झेपत नाहीं, म्हणून त्या काळांत अंडीं थांबतात. अशी झडलेली कोंबडी रोगट दिसते खरी, पण तो रोग नव्हे. तिला त्या दिवसांत थोडें अधिक चांगलें खाणें द्यावें, म्हणजे ती लवकर सांवरते.

४. खुडूक होणें

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. घरट्यांत अंडीं सांचलीं, त्यांचा स्पर्श पोटाला वारंवार झाला, म्हणजे कोंबडीच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून प्रोलॅक्टिन नांवाचा रस अधिक सुटूं लागतो. त्यानें अंडकोश आकसतो आणि अंडीं बंद होतात. पोटावरचीं पिसें झडून उघडी, ऊन कातडी अंड्यांस टेंकते. भूक मंदावते. दिवसांतून एकदां, बहुधा पाव किंवा अर्ध्या तासासाठींच, ती उठते, खाते, पाणी पिते, घाण करिते व लगबगीनें परत येऊन बसते. ह्या काळांत तिचें वजनही घटतें. जी कोंबडी स्वतः उपाशी राहून अंड्यांस ऊब देते, तिला "फुकट खाणारी" म्हणणें न्यायाचें होत नाहीं.

थोडा हिशेब करून पाहा. मोठ्या कोंबडीचें अंडें उबण्यास २१ दिवस लागतात. बँटमचें अंडें पुष्कळदां १९ किंवा २० दिवसांतच उबतें. पुढें पिलांस सांभाळण्यांत सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे एकदां बसलेली कोंबडी नऊ ते अकरा आठवडे अंडीं घालीत नाहीं. अशी ती वर्षांतून तीनदां बसली तर ५२ आठवड्यांपैकीं सुमारें ३० आठवडे ह्या कामांत गेले. त्यांतून पिसें झडण्याचा काळ वजा करा. उरलेल्या थोड्या आठवड्यांत तिनें ५०-६० अंडीं दिलीं, तर तिनें आळस केला असें कोण म्हणेल? लहान कोंबडीचीं अंडीं थोडीं असतात ह्याचें एक मोठें कारण हेंच कीं ती आपला वेळ दुसऱ्या कामाला देते. तें काम म्हणजे मातृत्व. शुभवर्तमानांत पिलांस पंखांखालीं एकवट करणाऱ्या कोंबडीची जी उपमा आहे, ती ह्याच कोंबडीवरून दिलेली आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

खुडूक मोडण्यासाठीं कित्येक ठिकाणीं कोंबडीला पाण्यांत बुचकळतात, तिच्या नाकपुडींतून पीस ओवतात, किंवा पाय बांधून उन्हांत टाकतात. हे प्रकार क्रूर आहेत व अनावश्यकही आहेत. बसविण्यास अंडीं नसतील, किंवा कोंबडी नुकतीच एकदां बसून उठलेली असेल, तर तिला घरट्यापासून दूर, खालून वारा खेळेल अशा जाळीच्या किंवा कामट्यांच्या पेटाऱ्यांत, सावलींत, तीनचार दिवस ठेवावी. जवळ दाणा व पाणी असावें; पेंढा मात्र नसावा. पोटास गारवा लागला म्हणजे बसण्याची इच्छा ओसरते, व एकदोन आठवड्यांत ती पुन्हां अंड्यावर येते.

५. मनुष्यानें निवडलें तें टिकलें

मनुष्य जो गुण निवडतो तो वाढतो, व ज्याकडे दुर्लक्ष करितो तो पुष्कळदां नाहींसा होतो. ह्याचे तीन दाखले बँटम जातींतच आहेत.

इंग्लंडांत सर जॉन सेब्राइट (१७६७–१८४६) नांवाचे गृहस्थ होते. पाळीव जनावरांच्या जाती सुधारण्याविषयीं त्यांनीं १८०९ सालीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांनीं पुष्कळ वर्षें खपून जी लहान कोंबडी तयार केली तिचें प्रत्येक पीस काळ्या रेघेनें कडेला आंखलेलें असतें, आणि कोंबड्याचीं पिसेंसुद्धां कोंबडीसारखींच असतात. दिसण्यांत ती अप्रतिम आहे. परंतु सेब्राइट अंडीं थोडीं देते, क्वचितच बसते, व तिच्या अंड्यांपैकीं पुष्कळ फळत नाहींत. सर्व निवड पिसांसाठीं झाली. संसार मागें राहिला.

दुसरा दाखला जपानच्या चाबोचा. तिचे पाय इतके आंखूड असतात कीं पोट जमिनीला टेंकल्यासारखें दिसतें. हें आंखूडपण ज्या बीजगुणामुळें येतें तो आईबापांपैकीं एकाकडूनच आला तर पिलूं आंखूड पायांचें होतें. दोघांकडूनही आला तर पिलूं अंड्यांतच मरतें. म्हणून आंखूड पायांच्या नरमादीचीं फळलेलीं अंडीं बसविलीं तर सरासरीनें चौथा हिस्सा आंतच नाश पावतो, अर्धीं पिलें आंखूड पायांचीं व चौथा हिस्सा लांब पायांचीं निघतात. कोंबडी उत्तम बसली तरी हें नुकसान टळत नाहीं. दोष उबेचा नव्हे, जोडीचा आहे.

तिसरा दाखला पेकिनचा. ही गोल, पायांवर दाट पिसें असलेली कोंबडी १८६० च्या सुमारास चीनमधून इंग्लंडांत गेली असें सांगतात. ती अंडीं बेताचींच घालते, पण खुडूक होण्यांत व पिलें सांभाळण्यांत तिची ख्याति आहे. दुसऱ्या पक्ष्यांचीं अंडींही अशा कोंबड्या मायेनें उबवितात. इंग्लंडांत फेझंट नांवाच्या रानपक्ष्याचीं अंडीं उबविण्यासाठीं बँटम व रेशमी पिसांची सिल्की ह्यांच्या संकराच्या कोंबड्या पाळण्याची जुनी रीत आहे.

आतां आपल्या देशाकडे पाहा. हैदराबाद येथील सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनें तयार केलेली वनराजा, किंवा बंगळूर येथें तयार झालेली गिरिराज, ह्या परसांत पाळण्याच्या चांगल्या कोंबड्या आहेत. त्यांचीं अंडीं मोठीं व संख्येनें गावठीहून अधिक असतात. परंतु अंड्यांसाठीं निवड करितांना बसण्याची वृत्ति त्यांतून जवळजवळ निघून गेली आहे. त्या अंडीं घालतात. त्यांवर बसत नाहींत. म्हणजे ज्या घरानें लहान कोंबडी विकून केवळ अशाच कोंबड्या ठेविल्या, त्या घराला पुढच्या प्रत्येक पिढीसाठीं पिलें विकत आणावीं लागतील, किंवा दुसऱ्याच्या दारची खुडूक कोंबडी मागावी लागेल.

६. मग कोणती ठेवावी?

आमचें मत असें कीं, ज्यांस झेपेल त्यांनीं दोन्हीं ठेवाव्या : मोठी अंड्यांसाठीं व लहान उबविण्यासाठीं. जेथें वीज अनियमित आहे तेथें उबवणीयंत्राचा भरंवसा नसतो, आणि त्याची किंमतही गरिबाला परवडत नाहीं. खुडूक कोंबडी हेंच गरिबाचें यंत्र. तें स्वतःच ऊब राखतें, स्वतःच अंडीं फिरवितें, आणि पिलें निघाल्यावर घारीपासून त्यांचें रक्षणही करितें.

समजा, लहान कोंबडीनें बारा अंडीं घातलीं. तीं घरांतील मुलांस खाऊं घाला. ती बसूं लागली कीं तिच्याखालीं, जवळ कोंबडा असलेल्या मोठ्या कोंबडीचीं पांच अंडीं ठेवा. पांचांतून चार उबलीं व तीन पिलें वांचलीं, तरी बाजारांतून पिलें न आणतां घरांत तीन मोठे पक्षी झाले. आतां तिच्या नांवावर बारा लहान अंडीं व तीन मोठे पक्षी लिहा, आणि मग ती फुकट खाते कीं काय तें सांगा. मात्र संकर जातीचीं पिलें सर्वच आईसारखीं निघत नाहींत, हें ध्यानांत असूं द्यावें. तसेंच दुकानांतील पिंजऱ्याच्या कोंबड्यांचीं अंडीं बसवूं नयेत. तेथें कोंबडा नसतो, म्हणून तीं फळलेलीं नसतात.

एक गोष्ट आम्हांस स्पष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरीं घरचें अंडें विकून त्याच पैशांत चहासाखर आणितात, आणि मूल कोरड्या भाकरीवर राहतें. मीठ, तेल किंवा औषध ह्यांसाठीं अंडें विकणें भाग पडत असेल तर त्यास आमचें बोलणें नाहीं. परंतु चहाच्या पेल्यासाठीं मुलाच्या ताटांतलें अंडें जाऊं नये. दोन लहान अंडीं लहान मुलाला फार उपयोगाचीं आहेत.

७. कोंबडी बसविण्याची रीत

कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तिला दोन दिवस पांढऱ्या दगडांवर बसूं द्यावें. टिकून बसली तर रात्रीं, अंधारांत, तिला तयार केलेल्या घरट्यांत हळूच ठेवावें. टोपलींत तळाशीं थोडी माती दाबून मध्यें खळगा करावा, वर पेंढा पसरावा. पिसवा व उवा फार झाल्या तर कोंबडी अंडीं सोडून उठते. म्हणून टोपली आधीं उन्हांत तापवावी, व जवळच कोंबडीला धुळींत लोळण्यासाठीं कोरडी माती व राख ठेवावी.

बसविण्याचीं अंडीं सात दिवसांहून जुनीं नसावींत. तीं थंड जागीं, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यांत ठेवावींत. उन्हाळ्यांत घरांतील उष्णतेनेंच अंड्यांत वाढ सुरू होते व मग तें नासतें. तडा गेलेलें, वेडेंवांकडें किंवा मळकें अंडें घेऊं नये. बँटमच्या पोटाखालीं तिचीं स्वतःचीं सातआठ अंडीं मावतात, मोठ्या कोंबडीचीं चारपांचच. लोभानें अधिक ठेविल्यास आळीपाळीनें प्रत्येक अंडें गार पडतें व सर्वच जातात.

सर्व अंडीं एकाच दिवशीं ठेवावींत व प्रत्येकावर कोळशानें खूण करावी. बिनखुणेचें अंडें दिसलें तर तें मागून घातलेलें, असें समजून काढून घ्यावें. सातव्या दिवशीं रात्रीं विजेच्या बत्तीसमोर अंडें धरून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्याप्रमाणें लाल शिरा दिसल्या तर पिलूं आहे. स्वच्छ दिसलें तर तें फळलेलें नाहीं, काढावें. कोंबडीला रोज एकदां उठूं द्यावें.

विसाव्या-एकविसाव्या दिवशीं कवचाला चोंचीचें भोंक दिसूं लागतें. तेव्हां उतावीळ होऊन कवच सोलूं नये. पिलाला बाहेर येण्यास पुष्कळ तास लागतात, व घाई केल्यास रक्त वाहून तें मरतें. निघालेलें पिलूं पोटांत राहिलेल्या बलकावर एक दिवस सहज राहतें. नंतर बारीक कण्या व उथळ पाणी द्यावें. मानमोडीची लस पहिल्याच आठवड्यांत डोळ्यांत थेंब घालून देतां येते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें. एका घराचीं पिलें लसीवांचून राहिलीं तर सबंध आळीच्या कोंबड्यांस धोका असतो, म्हणून शेजाऱ्यांनीं मिळून एकाच दिवशीं लस द्यावी हें उत्तम.

आपल्याकडे बसविण्यास कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत बरा. वैशाखांत अंडीं नासतात, व भर पावसांत पिलें ओलीनें मरतात. आणि एकाच कोंबडीला वर्षांतून दोनदांहून अधिक बसवूं नये. तिच्या शरीरालाही विसांवा पाहिजे.

पाठावरील प्रश्न

गांवोगांवच्या शिक्षकांनीं व उपदेशकांनीं हा पाठ संध्याकाळीं मंडळींत वाचून दाखवावा, व बायकांस मुद्दाम बोलवावें, कारण कोंबड्यांचें काम बहुधा त्यांच्याच हातीं असतें. मग पुढील प्रश्न विचारावे.

(१) कोंबडी मधूनच एक दिवस अंडें घालीत नाहीं, त्याचें कारण काय?

(२) पातळ कवचाचें अंडें आपणांस काय सांगतें?

(३) वर्षांतून तीनदां बसणाऱ्या कोंबडीचे किती आठवडे त्या कामांत जातात?

(४) पुष्कळ अंडीं देणाऱ्या नव्या जातींत कोणता गुण उरला नाहीं, व त्याची उणीव घरांत कशी भासेल?

(५) आपल्या घरीं गेल्या महिन्यांत किती अंडीं मिळालीं, किती विकलीं, व मुलांनीं किती खाल्लीं?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकानें घरीं जाऊन कोळशानें भिंतीवर लिहून ठेवावें, आणि पुढील महिन्यांत पुन्हां मोजावें. ज्या लहान कोंबडीला येत्या बाजारीं नेण्याचें ठरलें असेल, तिला तोंपर्यंत ठेवून घ्यावें.